सोन्याला जंग

इंदूरच्या सराफ्याबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक रात्रीचं असतं. दागिन्यांच्या दुकानांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांपुढे कढया चढतात आणि भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी खायला सगळं शहर तिथे लोटतं. मला सराफा आठवतो तो सकाळचा. दुकानं उघडायच्या आधी काही माणसं बारीक ब्रश आणि पत्र्याची सुपली घेऊन ओट्यांच्या फटी, पायऱ्यांच्या कडा, नालीची तोंडं झाडत बसलेली असतात. मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात, इंदुरात सगळे न्यारिया म्हणतात. कारागिराच्या कानशीखालून उडालेले, त्याच्या कपड्यांवरून झटकले गेलेले सोन्याचे कण त्या धुळीत असतात. धूळ घमेल्यात घेऊन पाण्यात हलवत राहायचं, हलकी माती वरच्यावर ओतून द्यायची. तळाशी काळा जड गाळ उरतो, त्यात पारा घातला की तो सोन्याला धरतो. मग पारा तापवून उडवला की हाती लागतो तो एवढासा कण. सगळ्या वाकण्याची तेवढी मजुरी.

त्या माणसांकडे पाहून मला कधी कमीपणा वाटला नाही. पोटासाठी धूळ झाडणाऱ्याला कोण लोभी म्हणेल? ख्रिस्ताने धनाबद्दल जे कडक शब्द काढले त्यांचा रोख त्यांच्यावर नव्हता. तो आतल्या गादीवर बसणाऱ्यांवर आहे, आणि त्या गादीसमोर बसून एकामागून एक डबी उघडायला लावणाऱ्या आपल्यावर आहे.

मी नोकरी केली बँकेत, आणि त्यातली बरीच वर्षं सोनेतारण कर्जाच्या टेबलावर गेली. समोर बाई बसते. पर्समधून रुमाल निघतो, रुमालातून प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून डबी. मूल्यांकन करणारा सोनार दागिना कसोटीच्या काळ्या दगडावर घासतो, उमटलेल्या पिवळ्या रेघेवर आम्लाचा थेंब सोडतो आणि रेघ किती टिकते ते पाहतो. खडे, काळे मणी, आतली लाख यांचं वजन वजा होतं. मग पाकीट, पाकिटावर सील, सीलवर सह्या, क्रमांक आणि तिजोरी. ज्या हाराच्या नक्षीवरून लग्नाआधी दोन घरांत रुसवेफुगवे झालेले असतात, तो हार इथे एवढे ग्रॅम निव्वळ आणि एवढे कॅरट असा एका ओळीत मावतो.

कर्ज कशासाठी हे फॉर्मवर लिहावं लागतं. दवाखाना, मुलीची फी, जूनमधलं सोयाबीनचं बियाणं. अशा कामाला घरातलं सोनं आलं की मला बरं वाटायचं. सोन्याचा तो उपयोगच आहे. पण दुसरीही माणसं यायची. थोरल्याच्या लग्नापेक्षा धाकट्याचा मंडप लहान दिसायला नको म्हणून. साडूने गाडी घेतली म्हणून. आधीच्या कर्जाचा हप्ता चुकायला नको म्हणून. फॉर्मवर त्या सगळ्याचं नाव ‘घरगुती खर्च’. त्यांच्याशी बोलता बोलता एक गोष्ट माझ्या ध्यानात येत गेली. त्यांच्यात हावरी माणसं फार थोडी होती. धास्तावलेली पुष्कळ होती. उद्या काय होईल याची धास्ती, आणि त्याहून मोठी, आज चारचौघांत आपण कुठल्या रांगेत बसतो याची. आणि ज्यांचे लॉकर भरलेले होते त्यांची धास्ती गेली होती असं म्हणावं, तर तसंही नाही. त्यांची लॉकरच्या चावीभोवती फिरायची, एवढाच फरक.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहते. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तिथे कसर आणि जंग लागतात, चोर घर फोडतात, हे आपण सगळ्यांनी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, पाठ केलेलं असतं. देवाची आणि धनाची सेवा एकदम करता येत नाही, हेही. पण तिथे प्रभू थांबत नाही. धनाची गोष्ट संपते न संपते तोच तो चिंतेकडे वळतो. काय खावं, काय प्यावं, काय पांघरावं याची काळजी करू नका. पाखरं पेरीत नाहीत, कोठारं भरीत नाहीत, तरी त्यांना खायला मिळतं. ही दोन प्रवचनं नाहीत, एकच आहे. धनाला माणूस धनी मानतो तो मनातल्या भयापोटी, हे त्याला नीट ठाऊक होतं. म्हणून त्याने लोभावर नुसते कोरडे ओढले नाहीत. त्याने भयालाच हात घातला, आणि तुमच्या स्वर्गीय पित्याला तुमची गरज माहीत आहे, असं सांगितलं.

लूकने सांगितलेल्या धनवानाच्या दाखल्यातही मला हेच दिसतं. त्याच्या जमिनीला भरघोस पीक आलं. जुनी कोठारं पाडून मोठी बांधायची आणि आपल्या जिवाला सांगायचं, बाबा रे, पुष्कळ वर्षांची तरतूद झाली, आता खा, पी, मजा कर. त्याच रात्री देवाने त्याचा जीव मागितला. दाखला वाचताना आपण शेवटाकडे धावतो. मध्ये जरा थांबून पाहावं: एवढं पीक आलं, पण त्या गोष्टीत दुसरं माणूसच नाही. बायको नाही, गडी नाहीत, शेजारी नाही. विचारतो स्वतःला, उत्तर देतो स्वतः, आनंदाचं निमंत्रणही आपल्याच जिवाला. मला त्याची श्रीमंती बोचत नाही, एकटेपणा बोचतो.

इंदूर हे खाण्याचं शहर तसंच खरेदीचंही. दिवाळीच्या आधी पुष्य नक्षत्र आलं की इथल्या वर्तमानपत्रांची पहिली पानं जाहिरातींनी भरून जातात आणि राजवाड्याच्या बाजूला पाऊल ठेवायला जागा राहत नाही. शेजाऱ्यांच्या सणाबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यांच्याकडचा फराळ लहानपणापासून आमच्या घरी येतो आणि आमच्याकडून नाताळात करंज्या आणि केक जातात. मला बोलायचं आहे ते आपल्याच घराबद्दल. नाताळ हाही आता खरेदीचा हंगाम झाला आहे. मॉलमध्ये झाड नोव्हेंबरातच उभं राहतं. गव्हाणीत जन्मलेल्या बाळाच्या वाढदिवसाला आपण आपल्याच मुलांना विचारतो, तुला काय हवं? लग्नांचंही तेच. चर्चमधली विधीची वेळ तेवढीच आहे, पण तिच्या आधीचं फोटोशूट आणि नंतरची मेजवानी दर वर्षी वाढते आहे, आणि वाढीव भाग बहुतेक हप्त्यांवर असतो.

याहून वाईट गोष्ट म्हणजे ह्या हव्यासाला आपल्यातलेच काही लोक वचनांचा मुलामा देतात. मोबाइलवर अशा उपदेशकांचे व्हिडिओ रोज येतात. अर्पण म्हणजे पेरलेलं बी, जेवढं टाकाल त्याच्या कित्येक पट परत येईल. गाडी आली, फ्लॅट आला, ही विश्वासाची साक्ष. आणि ज्याची नोकरी गेली, ज्याचं मूल आजारी पडलं, त्याचा विश्वास कमी पडला असणार. हे ऐकून घरी रडत बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. मला यात शंका नाही की ही शुभवार्ता नव्हे. कोल्ह्यांना बिळं आहेत, पाखरांना घरटी आहेत, पण मला डोकं टेकायला जागा नाही असं म्हणणाऱ्याच्या नावाने फ्लॅटची हमी देता येत नाही.

मग समाधान कुठे सापडतं? मला ते एका लिलावात सापडलं.

कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने 1877 मध्ये इंदुरात काम सुरू केलं, 1887 मध्ये इथलं ख्रिश्चन कॉलेज सुरू झालं. माझे आजोबा नगरकडून आले ते पुढे, मिशनच्या शाळेत शिकवायला. तेव्हापासून आमच्या घरात रविवारची उपासना हिंदीत आणि झोपण्याआधीची प्रार्थना मराठीत. पावसाळा सरला, मका-सोयाबीन घरात आलं की मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, हंगामाचा सण होतो. सगळे हार्वेस्टच म्हणतात. त्या दिवशी ज्याच्याकडे जे पिकलं, जे बनलं, ते तो वेदीपुढे आणून ठेवतो. मक्याची कणसं, लसणाच्या वेण्या, दुधी भोपळे, सीताफळं, खोक्यात अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी, जी नेमकी उपदेशाच्या वेळी फडफडते. ज्यांच्याकडे शेत नाही ते लोणचं आणतात, केक आणतात, विणलेला स्वेटर आणतात. उपासना संपली की हे सगळं अंगणात टेबलांवर मांडतात आणि बोली सुरू होते.

बोली बोलायला आमच्याकडे रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका असतात. आवाज असा की माइक लागत नाही. आमच्यातल्या एक आजी, एका खोलीत राहणाऱ्या, पेन्शन तुटपुंजी, त्या दर वर्षी कुंडीतल्या पुदिन्याची जुडी आणतात, ओल्या फडक्यात गुंडाळून. त्या वर्षी काकांनी जुडी उचलली आणि दहा रुपयांपासून सुरुवात केली. मागून कोणी पन्नास म्हणालं, कोणी शंभर. दोन भाऊ एकमेकांवर चढले आणि जुडी पाचशेला गेली. ज्याने घेतली त्याने पैसे मोजले आणि जुडी परत टेबलावर ठेवली, “काका, पुन्हा लावा.” पुन्हा लावली. पुन्हा कोणी घेतली, पुन्हा ठेवली. आजी बाकावर बसून प्रत्येक बोलीला मान हलवत होत्या, जणू भाव योग्यच आहे. शेवटी ऊन वाढलं, पानं मलूल झाली, तेव्हा तरुण संघातल्या एका मुलीने जुडी धुतली आणि चहाच्या पातेल्यात टाकली. तो चहा सगळ्यांनी प्यायला.

मी आयुष्यभर वस्तूची नेमकी किंमत काढायचं काम केलं. लाख वजा, मणी वजा, आजचा भाव गुणिले वजन. त्या अंगणात तो हिशेब चालत नाही. बाजारात तीस रुपयांचा भोपळा तिथे तीनशेला जातो आणि घेणाऱ्याला फसलो असं वाटत नाही, देणाऱ्याला फसवलं असं वाटत नाही. सगळेच जरा जास्त देऊन घरी जातात आणि चेहऱ्यावर तजेला असतो. जमलेल्या पैशातून कोणाच्या मुलाची फी जाते, कोणाचं डायलिसिस होतं, चर्चच्या गळक्या छपराचं काम होतं. गेल्या वर्षी बोली लावणारा या वर्षी मदत घेणाऱ्यांत असू शकतो आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

दाखल्यातल्या त्या धनवानालाही पीकच आलं होतं. तेच पीक अंगणात मांडलं असतं तर त्याला मोठ्या कोठाराची गरज पडली नसती. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या मंडळीबद्दल लिहिलं आहे की आपल्या मालमत्तेतलं काही कोणी माझं म्हणत नसे, आणि त्यांच्यात कोणाला उणं नव्हतं. पूर्वी मला ते एखाद्या दूरच्या, न जमणाऱ्या आदर्शासारखं वाटायचं. त्या चहाच्या पातेल्यापाशी उभी असताना ते तसं वाटलं नाही. उद्याची धास्ती एकट्याने साठवून जात नाही. उद्या मी पडले तर उचलायला कोण येईल हे ठाऊक असलं की ती आपोआप सैल होते, आणि ती सैल झाली की दुकानातली वस्तू दुकानात राहिली तरी चालते.

प्रेषित पौलाचं समाधानाविषयीचं प्रसिद्ध वाक्य कुठे आहे ते पाहण्यासारखं आहे. ज्या स्थितीत मी असेन तीत संतुष्ट राहायला मी शिकलो आहे, असं तो फिलिप्पैच्या मंडळीला लिहितो. लिहितो कैदेतून. पण पत्राचा तो भाग आहे आभाराचा. त्या मंडळीने एपफ्रदीतच्या हाती त्याला मदत पाठवली होती आणि हा तिची पोच देतो आहे. मला सगळं पोहोचलं, भरपूर आहे. बँकेतल्या माणसाला हे लगेच कळतं, ही पोचपावती आहे. म्हणजे समाधानी माणूस कोणाकडून काही न घेणारा, कोणाची गरज नसलेला, असा नव्हता. तो मोकळेपणाने घेत होता. आणखी एक, तो फक्त उणिवेत राहायला शिकलो असं म्हणत नाही. विपुलतेतही राहायला शिकलो म्हणतो. आमच्या पिढीने पहिला धडा आईबापांच्या घरी थोडाफार गिरवला. दुसरा धडा आम्हाला कोणी शिकवलाच नाही. पगार आयोग आला, थकबाकी हातात पडली, आणि तिच्याबरोबर राहायचं कसं हे कोणाला ठाऊक नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. समाधान हा उपदेश कोणाला करायचा याची मला फार काळजी वाटते. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ हे मराठी घरात बहुतेक वेळा ज्याच्याकडे आहे तो ज्याच्याकडे नाही त्याला ऐकवतो. याकोबाच्या पत्रात धनवानांना उद्देशून एक वाक्य आहे, तुमच्या सोन्यारुप्याला जंग चढला आहे. सोनेतारणाच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला हे अडखळवणारच. सोन्याला जंग चढत नाही. शंभर वर्षांचा पुतळी हार मी हाताळला आहे, धुतला की कालचा वाटतो. पण पुढचं वाक्य वाचलं की याकोब काय म्हणतो ते कळतं: ज्या कामकऱ्यांनी तुमची शेतं कापली त्यांची तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. सोनं तसंच चकचकीत असतं, पण ज्याची मजुरी अडली आहे त्याच्या बाजूने पाहिलं तर त्यावर जंग असतो.

इंदुरात हे वाक्य दूरचं नाही. हे गिरण्यांचं शहर होतं. हुकुमचंद मिल 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांची देणी अडकून राहिली. कोर्टकचेऱ्या झाल्या, कामगारांच्या सभा झाल्या, मुलांची लग्नं झाली, नातवंडं झाली. सुमारे 224 कोटी रुपयांच्या त्या देण्यांचा धनादेश सुपूर्द झाला तो 25 डिसेंबर 2023 ला. नाताळचा दिवस. तोवर कित्येक कामगार हयात नव्हते. पैसे त्यांच्या बायकांच्या, मुलांच्या वाट्याला आले. तीस वर्षं आपल्या घामाच्या पैशाची वाट पाहणाऱ्या माणसाला कोणी समाधानावर प्रवचन दिलं तर ते देवाला आवडेल असं मला वाटत नाही. त्याचं मागणं लोभ नव्हतं. ते न्यायाचं मागणं होतं, आणि बायबलमध्ये देव अशा मागण्याच्या बाजूने उभा राहतो.

सिस्टर राणी मारिया याच बाजूने उभी राहिली. केरळात जन्मलेली ही फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट भगिनी देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करायची. सावकाराच्या पाशातून सुटायचं तर बँकेतून कर्ज कसं घ्यायचं, बचत कशी करायची, आपला हक्क कसा मागायचा, हे ती त्यांना शिकवत होती. ज्यांचा धंदा त्यामुळे बसला त्यांना ते सहन झालं नाही. 25 फेब्रुवारी 1995 ला ती बसने इंदूरकडे यायला निघाली असताना तिला वाटेत बसमध्येच भोसकलं. वय 41. ज्याने मारलं त्याला तिच्या कुटुंबाने क्षमा केली. तिच्या धाकट्या बहिणीने, तीही भगिनीच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरात तिला धन्य घोषित केलं, ही कॅथलिक चर्चमधली संतपदाच्या आधीची पायरी. आम्ही प्रॉटेस्टंट, संतपदाच्या रीती आमच्याकडे नाहीत. तरी तारण, गहाण, व्याज या शब्दांत आयुष्य गेलेल्या मला ती फार जवळची वाटते. गरिबाला आहे त्यात गोड मानून घ्यायला तिने सांगितलं नाही. स्वतः मात्र जवळ काही ठेवलं नाही. समाधानाचा हा क्रम मला पटतो: आपल्यासाठी थोडक्यात भागवणं आणि दुसऱ्यासाठी पुरेसं मिळेपर्यंत गप्प न बसणं.

तुकोबांचंही तसंच होतं की. त्यांचा अभंग ओठांवर असतो, पण परंपरा सांगते ती गोष्ट मागे पडते. सावकारी असलेल्या घरातल्या या माणसाने दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली. ज्याने दुसऱ्याच्या गळ्यातला फास आधी काढला, त्याने मग चित्तात समाधान असू द्या म्हटलं, तर ते ऐकावंसं वाटतं. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो असं रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने 1917 मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने राहायचं ठरवलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. दोनच वर्षांत ते गेले. मराठी ख्रिस्ती माणसाला साधेपणाची ओळख करून घ्यायला फार लांब जावं लागत नाही.

पण सगळ्यांना टिळक होता येत नाही, आणि घरात लहान मुलं असताना पगार सोडा असं मी कोणाला सांगणार नाही. मला उपयोगी पडलेली गोष्ट मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली या अठराव्या शतकातल्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या एका प्रवचनात आहे. सुरुवातीच्या एका मेथडिस्टाचा हिशेब तो सांगतो, आणि तो माणूस वेस्ली स्वतःच असं मानतात. वर्षाला 30 पौंड मिळत, तो 28 मध्ये राही आणि 2 देऊन टाकी. पुढच्या वर्षी 60 मिळाले. तो 28 मध्येच राहिला आणि 32 दिले. मग 90, तेव्हा 62. मग 120, तेव्हा 92. कमाई चढत गेली, राहणीची रेघ हलली नाही. यात भगवी वस्त्रं नाहीत, डोंगर नाही, नोकरी सोडणं नाही. फक्त एक रेघ आहे, पगारवाढीच्या आधी ओढून ठेवलेली.

माझा भाचा सुपर कॉरिडॉरवरच्या एका आयटी कंपनीत आहे. सूनबाईही नोकरी करते. दोघं मागच्या रविवारी तीन बेडरूमच्या नव्या फ्लॅटचं ब्रोशर घेऊन आले. असलेला दोन बेडरूमचा विकायचा, वरचं कर्ज काढायचं. “मावशी, तू बँकेतली, हप्ता किती बसेल सांग.” हप्ता सांगितला. मग त्याच ब्रोशरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी त्यांना वेस्लीची रेघ काढून दाखवली. भाच्याने पेन घेतलं आणि रेघेच्या वर पहिलं लिहिलं ते दशांश, म्हणजे कमाईतला देवाला द्यायचा दहावा भाग. दुसरं, आईची औषधं. तिसरं लिहायला त्याला वेळ लागला. त्याच्या टीममधल्या एका मुलाची नोकरी गेली आहे आणि त्याच्या मुलीची फी जानेवारीत आहे. ते लिहिलं. मग रेघेखाली आपला खर्च.

सूनबाई हिशेबाची पक्की. तिने लगेच विचारलं, “पण मावशी, दर वर्षी दूध महागतं, शाळा महागते. रेघ तीच कशी राहील?” प्रश्न रास्त होता. वेस्लीच्या हिशेबात महागाई नाही. तेव्हा असं ठरलं की रेघ महागाईएवढी वर जाईल, हौसेएवढी नाही. यावर एकमत झालं आणि मग खरी चर्चा सुरू झाली, कारण त्यांचं घर वरच्या मजल्यावर आहे, छत तापतं, मे महिन्यात बाळ रात्रभर झोपत नाही. एसी महागाईत धरायचा की हौसेत? मी म्हटलं, गरजेत धरा, लेकरू आहे. भाचा म्हणाला, मग माझी जुनी बाइक ऑफिसच्या वाटेवर बंद पडते तीही गरजेत धर. सूनबाई म्हणाली, सिटी बस जाते तिथे. फ्लॅटचं कोणी काढलं नाही. ब्रोशर माझ्याकडेच राहिलं आहे, बाइकपुढे प्रश्नचिन्ह आहे, आणि येत्या रविवारी उपासनेनंतर दोघं जेवायला येणार आहेत तेव्हा पुढची ओळ लिहायची आहे.